पीई ४ ला खरेदी, १६ ला विक्री: पोलादाच्या एका शेअरचं प्रकरण

हे प्रकरण नाशिकच्या एका निवृत्त सहकारी बँक अधिकाऱ्याचं आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत आणि शेअरची संख्या गोल केली आहे. कंपनीचं नाव मात्र झाकलेलं नाही. टाटा स्टीलचे निकाल जाहीर आहेत आणि खालचा हिशेब त्यावरून कोणालाही पडताळता येतो. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळे आकडे एकत्रित निकालांतले, म्हणजे उपकंपन्यांसह आहेत. दलाली आणि किरकोळ शुल्कं धरलेली नाहीत.

पार्श्वभूमी

मे २०२२. गृहस्थांचं वय ६१. निवृत्तीच्या पैशातले १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घातले होते. तेव्हा तीच कमाल मर्यादा होती आणि व्याज ७.४ टक्के होतं. थोड्या मुदत ठेवी होत्या. उरलेले ८ लाख त्यांनी शेअरसाठी बाजूला काढले होते. पुण्यात सीए असलेली भाची हिशेबाला मदत करायची.

बँकेत असताना त्यांनी कर्ज विभागात बरीच वर्षं काढली होती, त्यामुळे ताळेबंद त्यांना परका नव्हता. शेअरसाठी मात्र त्यांनी एकच निकष ठरवला होता: जुन्या, प्रस्थापित कंपनीचा पीई १० च्या खाली आला की घ्यायचं, १५ च्या वर गेला की विकायचं. पीई म्हणजे शेअरचा दर भागिले दर शेअरमागचा वर्षाचा नफा, म्हणजे ईपीएस.

३ मे २०२२ ला टाटा स्टीलचे २०२१-२२ चे निकाल आले. नफा ४१,७४९ कोटी रुपये, आदल्या वर्षी तो ८,१९० कोटी होता. ईपीएस ३३२ रुपये. त्या आठवड्यात दर १,२८० च्या आसपास होता. पीई निघाला ३.८५. वर ५१ रुपये लाभांश आणि एका शेअरचे दहा करण्याचा प्रस्ताव. त्यांच्या वहीतल्या निकषाने यापेक्षा स्वस्त काही दिसण्याची शक्यताच नव्हती. त्यांना आठही लाख एकदम घालायचे होते.

अडचण नेमकी कुठे होती

पीई ४ असणं म्हणजे कंपनीने हाच नफा दरवर्षी कमावला तर चार वर्षांत शेअरच्या किमतीएवढी कमाई होते. उलट मांडलं तर वर्षाला २५ टक्के. त्याच वेळी सरकारी योजना ७.४ टक्के देत होती. एवढं मोठं अंतर बाजाराच्या नजरेतून सुटलं, असं मानणं धाडसाचं होतं. दर एवढा खाली होता, कारण हा नफा टिकेल असं बहुतेकांना वाटत नव्हतं.

निकालांतच त्याची चिन्हं होती. त्या वर्षातल्या चार तिमाहींचा नफा ९,७६८, १२,५४८, ९,५९८ आणि ९,८३५ कोटी. म्हणजे शिखर जुलै ते सप्टेंबर २०२१ लाच होऊन गेलं होतं. शेअरचा दरही ऑगस्ट २०२१ मध्ये दीड हजाराच्या वर जाऊन उतरला होता. विकलेल्या दर टनामागे व्याज, कर आणि घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी धरलेला खर्च) वजा करण्याआधीचा नफा वर्षभरात २१ हजार रुपयांच्या वर पडला होता. ही कोविडनंतरच्या मागणीची आणि चढ्या पोलादभावाची करामत. दुसऱ्या बाजूने, युक्रेनवर हल्ला झाल्यावर मार्च २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन कोकिंग कोळसा टनाला ६०० डॉलरच्या वर गेला होता. त्या भावाचा कोळसा बोटीने येऊन भट्टीत पडेपर्यंत दोन-तीन महिने जातात. म्हणजे महाग कोळशाचा मुख्य फटका मार्चच्या निकालात पुरता आलेलाच नव्हता. तो पुढच्या तिमाहीसाठी वाट पाहत होता.

भाचीने फोनवर एकच प्रश्न विचारला. "मामा, साखर कारखान्याला कर्जमर्यादा मंजूर करताना तुम्ही एका चांगल्या हंगामाचा नफा धरत होता का?" ते धरत नव्हते. तीन-चार हंगामांची सरासरी काढायची, उचल त्यावर ठरवायची, ही त्यांचीच पद्धत. शेअर घेताना मात्र ते सर्वांत चांगल्या हंगामाने भागत होते.

भाजक कोणता घ्यायचा

हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

भाचीने तीन भाजक मांडले. कंपनीचे तेव्हा १२२ कोटी शेअर होते.

पहिला, ताज्या वर्षाचा. ईपीएस ३३२, पीई ३.८५. ॲपवर आणि वर्तमानपत्रात हाच दिसतो.

दुसरा, चार वर्षांच्या सरासरीचा. २०१८-१९ चा नफा ९,०९८ कोटी, २०१९-२० चा १,१७२, २०२०-२१ चा ८,१९० आणि २०२१-२२ चा ४१,७४९. सरासरी १५,०५२ कोटी, दर शेअरमागे १२३ रुपये. पीई १०.४.

तिसरा, ते असामान्य वर्ष वगळून. आधीच्या तीन वर्षांची सरासरी ६,१५३ कोटी, शेअरमागे ५० रुपये. पीई २५.

एकच दर, एकच कंपनी, आणि उत्तरं ४, १० आणि २५. ही तिन्ही उत्तरं बेरीज-भागाकार म्हणून बरोबर आहेत. निवड करायची ती यातलं कोणतं वर्ष पुढच्या वर्षांसारखं आहे याची, आणि ते गणित सांगत नाही.

सरासरी २०१८-१९ पासूनच का धरली? दोन कारणं. मे २०१८ मध्ये टाटा स्टीलने भूषण स्टील घेतली आणि कंपनीचा आकारच बदलला, त्यामुळे त्याआधीचे नफे लहान कंपनीचे आहेत. शिवाय २०१७-१८ च्या नफ्यात ब्रिटनमधल्या पेन्शन योजनेच्या फेररचनेतून आलेली मोठी एकरकमी जमा होती. ती पोलाद विकून आलेली नव्हती. ती धरली असती तर सरासरी फुगली असती. असे अपवादात्मक आयटम नफा-तोटा पत्रकात कराआधीच्या ओळींत वेगळे दाखवलेले असतात. ईपीएसमध्ये ते मिसळलेले असतात, आणि पीई ईपीएसवरूनच काढला जातो.

आणखी एक सापळा. टाटा स्टीलचे स्वतंत्र निकाल आणि एकत्रित निकाल यांत मोठी तफावत असते, कारण नेदरलँड्स आणि ब्रिटनमधले कारखाने फक्त एकत्रितमध्ये येतात. युरोप तोट्यात असेल त्या वर्षी स्वतंत्र नफ्यावर काढलेला पीई फसवा स्वस्त दिसतो. हे फक्त एका कंपनीपुरतं नाही. राष्ट्रीय शेअर बाजाराने मार्च २०२१ च्या अखेरीस निफ्टीचा पीई स्वतंत्रऐवजी एकत्रित नफ्यावर काढायला सुरुवात केली, तेव्हा तो एका दिवसात ४० च्या वरून ३३ च्या आसपास आला. बाजार तिथेच होता, फक्त भाजक बदलला.

पीईला कर्जही दिसत नाही. मार्च २०२२ ला कंपनीवर निव्वळ कर्ज सुमारे ५१ हजार कोटी होतं, शेअरचं एकूण बाजारमूल्य १,५६,००० कोटी. दोन्ही मिळून २,०७,००० कोटी. त्या वर्षीचा व्याज, कर, घसाऱ्याआधीचा नफा ६३,८३० कोटी, म्हणजे पट ३.२. हा नफा निम्मा झाला तर पट सहाच्या वर. पोलादासारख्या कर्ज आणि भट्ट्या दोन्ही लागणाऱ्या धंद्यात हा पट पीईपेक्षा जास्त बोलका असतो. पण त्यातही नफ्याचं वर्ष कोणतं, हा प्रश्न सुटत नाहीच. पुस्तकी मूल्याशी तुलना केली तर शेअरमागे सुमारे ९३७ रुपये नक्त मालमत्ता होती आणि दर तिच्या १.४ पट होता. महाग नाही, पण फुकटही नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गृहस्थांचा: ८ लाख एकदम, साधारण ६२५ शेअर.

दुसरा भाचीचा: चार वर्षांच्या सरासरीवर पीई साडेआठच्या खाली येईल तेव्हाच घ्यायचं, म्हणजे दर १,०४५ च्या खाली. तोवर थांबायचं. विक्रीची मर्यादाही त्याच सरासरीवर ठरवायची: १५ च्या वर गेला की होल्डिंग कमी करायचं.

तिसरा, पोलाद सोडून हिंदुस्तान युनिलिव्हरसारखी स्थिर नफ्याची कंपनी. दर २,२०० च्या आसपास, ईपीएस ३८ च्या जवळ, पीई ५८. गृहस्थांनी हा पर्याय ऐकूनच बाजूला सारला.

चौथा, काहीच न घेणं. ४ मे ला रिझर्व्ह बँकेने अचानक रेपो दर ४ वरून ४.४ टक्के केला होता. ठेवींचे दर चढणार हे उघड होतं. या पर्यायावर कोणी फार बोललं नाही. खरं तर बोलायला हवं होतं.

इतर पोलाद कंपन्यांशी तुलना करायची एक सूचना पुढे आली. तिचा उपयोग नव्हता. त्या महिन्यांत सेल या सरकारी पोलाद कंपनीचा पीईही चारच्या खालीच होता, कारण अख्ख्या धंद्याचा नफा एकाच लाटेवर होता. शेजारच्या घराशी तुलना करून गल्लीच महाग आहे की स्वस्त ते कळत नाही.

काय केलं

तडजोड झाली. निकालाच्या आठवड्यात ३०० शेअर सरासरी १,२८० ला घेतले. ३,८४,००० रुपये. उरलेले ४ लाखांच्या वर पैसे बचत खात्यात ठेवले.

या तडजोडीला हिशेबाचा आधार नव्हता. भाचीचं गणित १,०४५ च्या खाली थांबा म्हणत होतं, मामांचा निकष सगळे घाला म्हणत होता, आणि घरच्या बोलण्यात नेहमी होतं तसं मधे भागाकार करून निम्म्यावर सौदा झाला. रक्कम अर्धी झाली म्हणून दर योग्य ठरत नाही. धोका मात्र अर्धा झाला, ते नशीब.

पहिली कसोटी: निर्यात शुल्क

२१ मे २०२२, शनिवार. केंद्र सरकारने पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं आणि कोकिंग कोळशावरचं आयात शुल्क काढलं. हेतू देशातला भाव खाली आणण्याचा होता. सोमवारी शेअर एका दिवसात बारा टक्क्यांच्या आसपास पडला. जूनच्या उत्तरार्धात तो साडेआठशेच्या खाली गेला. कागदावरचा तोटा १ लाख २९ हजारांच्या वर.

गृहस्थांनी पुन्हा वही काढली. ८५० भागिले ३३२, पीई २.६. उरलेले सगळे पैसे घालायला ते तयार होते.

या वेळी भाचीने टनाचा हिशेब मांडला. हा हिशेब कोणत्याही धातू कंपनीला लागू पडतो, म्हणून पायऱ्या देतो.

वर्षाची विक्री २.९५ कोटी टन. टनामागच्या नफ्यात १,००० रुपयांचा फरक पडला तर वर्षाला २,९५० कोटींचा फरक. २५ टक्के कर वजा करता सुमारे २,२०० कोटी. १२२ कोटी शेअरने भागा, शेअरमागे १८ रुपये. घसारा आणि व्याज तेवढंच राहतं, म्हणून पूर्ण फरक नफ्यावर उतरतो. आता टनामागचा नफा २१ हजारांवरून ११ हजारांवर आला असं धरा. ईपीएस १८० ने घटून १५२ वर. म्हणजे ८५० ला खरा पुढचा पीई ५.६, आणि सरासरी नफ्यावर ६.९. पुस्तकी मूल्याच्याही खाली.

इथे तिचं स्वतःचं गणित खरेदी करा म्हणत होतं. पण घेतलं नाही. शुल्क किती काळ राहील ते ठाऊक नाही, या कारणाने दोघंही थांबले. काही आठवड्यांनी दर सावरला.

टनाच्या हिशेबाचं पुढे काय झालं तेही नोंदवायला हवं. २०२२-२३ मध्ये टनामागचा नफा खरोखरच ११ हजारांच्या थोडा वर आला. तिचा अंदाज अचूक होता. पण निव्वळ नफा तिच्या साडेअठरा हजार कोटींऐवजी (१५२ गुणिले १२२ कोटी शेअर) ८,०७५ कोटीच आला. कारण नफा घटेल तसा करही २५ टक्के दराने घटेल हे गृहीतक युरोपला लागू नव्हतं. तिथल्या तोट्यावर इथे करसवलत मिळत नाही, आणि तिसऱ्या तिमाहीत स्थगित कराचा, म्हणजे वहीत मांडलेल्या पण तेव्हा न भरलेल्या कराचा, रोखीविना बोजाही आला. बहुदेशी कंपनीत कर सरसकट एका दराने धरला की हिशेब असाच घसरतो.

जुलैअखेर एका शेअरचे दहा झाले. ३०० चे ३,००० शेअर, खरेदी दर १२८. अशा वेळी काही ठिकाणी दर नवा आणि ईपीएस जुना राहून पीई ०.३ वगैरे दिसू शकतो. दर आणि ईपीएस एकाच पायावर आहेत का, हे निकालाच्या कागदावरून पाहावं लागतं. लाभांशाचे १५,३०० रुपये आले. रक्कम तेव्हाच्या ५,००० च्या मर्यादेवर असल्याने १० टक्के कर कापून.

ऑक्टोबर २०२२ मध्ये १०२ च्या दराने आणखी १,००० शेअर घेतले. सरासरी नफ्यावर पीई ८.३. मर्यादेत बसणारी ही पहिली खरेदी. निर्यात शुल्क नोव्हेंबरच्या १९ तारखेपासून मागे घेतलं गेलं, त्याची तेव्हा कल्पना नव्हती. आता एकूण ४,००० शेअर, गुंतवणूक ४,८६,०००, सरासरी १२१.५.

दुसरी कसोटी: दर जागेवर, पीई पाचपट

पुढचे निकाल असे आले. जून २०२२ तिमाही ७,७१४ कोटी, सप्टेंबर १,२९७, डिसेंबर २,५०२ कोटींचा तोटा, मार्च २०२३ तिमाही १,५६६ कोटी.

पीई काढताना मागच्या चार तिमाहींची बेरीज घेतात. नवी तिमाही आत येते, वर्षभरापूर्वीची बाहेर जाते. ती बेरीज अशी सरकली: ३९,६९५ कोटी, मग २८,४४४, मग १६,३४४, शेवटी ८,०७५. या सगळ्या काळात दर साधारण १०० ते १२० च्या पट्ट्यात होता. सोयीसाठी ११० धरला तर पीई अनुक्रमे ३.४, ४.७, ८.२ आणि १६.६.

नऊ महिन्यांत पीई जवळपास पाचपट झाला आणि दर जिथल्या तिथे. मे २०२३ मध्ये वहीतला नियम म्हणाला: १५ च्या वर, विका.

भाची म्हणाली, "मामा, महाग झालेलं काही नाही. नफा पडलाय म्हणून आकडा वाढलाय. कदाचित तळच असेल." त्यांचं उत्तर होतं की नियम मोडायचा तर नियम कशाला. या उत्तरात तथ्य नाही असं नाही. सोयीप्रमाणे निकष बदलणारे लोक त्यांनी कर्ज विभागात पुरेसे पाहिले होते. पण इथे निकषच चुकीच्या जागी लावलेला होता. सुधारित पाच वर्षांच्या सरासरीवर, म्हणजे शेअरमागे ११.२ रुपयांवर, १०७ च्या दराला पीई ९.६ येत होता. ना खरेदीचा भाव, ना विक्रीचा.

महिन्याच्या उत्तरार्धात २,००० शेअर १०७ ला विकले. २,१४,००० रुपये आले. डिमॅट खात्यात आधी आलेले शेअर आधी गेले असं धरतात, त्यामुळे खरेदी किंमत १२८ ची लागली आणि ४२,००० रुपये तोटा झाला. शेअरचे तुकडे झाले तरी धारणकाळ मूळ खरेदीपासून मोजतात, म्हणून बारा महिने पूर्ण होऊन तो दीर्घकालीन ठरला. दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वळता होतो, आणि विवरणपत्र मुदतीत भरलं तरच पुढच्या आठ वर्षांसाठी ओढता येतो. ते वेळेत भरलं. या व्यवहारात एवढी एक गोष्ट चोख झाली.

तिसरी कसोटी: पीईच दिसेना

सप्टेंबर २०२३ तिमाहीत कंपनीने ६,५११ कोटींचा तोटा दाखवला. ब्रिटनमधल्या पोर्ट टॅलबॉटच्या जुन्या भट्ट्या बंद करण्याच्या निर्णयापोटी ६,९०० कोटींच्या आसपास अपवादात्मक खर्च त्यात होता. २०२३-२४ हे पूर्ण वर्ष ४,९१० कोटींच्या तोट्यात गेलं. तोट्यातल्या कंपनीचा पीई काढत नाहीत. ॲपवर त्या जागी रेघ येते.

आणि याच काळात दर वाढत गेला. मार्च २०२४ मध्ये १५० च्या पुढे, जूनमध्ये १८० च्याही वर. म्हणजे पीई ४ असताना १२८, पीई १६ असताना १०७, आणि पीई नसताना १६५. बाजार युरोपातली गळती थांबण्याची आणि भारतातल्या वाढत्या क्षमतेची किंमत मोजत होता. मागच्या वर्षीच्या नफ्यात यातलं काहीच नव्हतं.

मे २०२४ च्या अखेरीस या वेळी सरासरीचाच तक्ता वापरला. सहा वर्षांची सरासरी, अपवादात्मक खर्च नफ्यात परत मिळवून, सुमारे ११,७०० कोटी. शेअरची संख्या तोवर विलीनीकरणांमुळे १,२४८ कोटी झाली होती. ईपीएस ९.४, आणि १६५ ला पीई साडेसतरा. मर्यादेच्या वर, म्हणून १,००० शेअर विकले. ३७,००० नफा झाला, तो ओढून आणलेल्या तोट्यात वळता झाला.

खर्च परत मिळवणं योग्य होतं का? भट्ट्या एकदाच बंद होतात, म्हणून या वेळी हो. पण दर दोन वर्षांनी नवा अपवाद दाखवणाऱ्या कंपनीत ते अपवाद राहत नाहीत, धंद्याचा खर्चच असतो. मग परत मिळवायचं नाही.

निष्पत्ती

गुंतवले ४,८६,०००. विक्रीतून २,१४,००० आणि १,६५,०००, लाभांश १५,३०० आणि उरलेल्या २,००० शेअरवर २०२३ मध्ये ७,२००. शिल्लक १,००० शेअर १६५ ने धरले तर १,६५,०००. एकूण ५,६६,५००. दोन वर्षांत ८०,५०० रुपये, १६.६ टक्के. ज्येष्ठ नागरिक योजनेने तेवढ्याच काळात १५ टक्क्यांच्या आसपास दिले असते, बिनघोर. निफ्टी याच काळात ३५ टक्क्यांच्या आसपास वाढला.

चारही हजार शेअर नुसते ठेवले असते तर फायदा २,०३,७०० झाला असता. म्हणजे मे २०२३ च्या त्या एका विक्रीची किंमत १,२३,२०० रुपये. घाईच्या पहिल्या खरेदीपेक्षा नियमाने केलेली ही विक्री महाग पडली.

आणि पीई ५८ चा नाकारलेला पर्याय? हिंदुस्तान युनिलिव्हरचा ईपीएस दोन वर्षांत ३८ वरून ४४ च्या जवळ गेला, पीई ५१ वर उतरला, दर जवळपास तिथेच राहिला. लाभांशापलीकडे हाती फार काही आलं नसतं. तेव्हा कमी पीई वाईट आणि जास्त चांगला, असंही इथून निघत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

साडेआठची मर्यादा सुरुवातीपासून पाळली असती तर पहिली खरेदी १,२८० (एकाचे दहा झाल्यावरचे १२८) ऐवजी जून ते ऑक्टोबरमध्ये शंभरीच्या आसपास झाली असती. तेच ४,८६,००० रुपये १०२ ने घातले असते तर ४,७६० च्या वर शेअर आले असते. अर्थात सरकारने शुल्क लावलं नसतं तर दर कदाचित त्या पातळीला आलाही नसता आणि पैसे बचत खात्यात पडून राहिले असते. तो धोका मर्यादा ठरवतानाच पत्करावा लागतो.

जूनमध्ये, गणित हो म्हणत असताना, निदान ठरलेल्या रकमेचा चौथा हिस्सा घालायला हवा होता. शुल्काची मुदत कळेपर्यंत थांबायचं ठरवलं, पण ऑक्टोबरची खरेदीही मुदत कळण्याआधीच झाली. म्हणजे थांबण्याचं कारण शुल्क नव्हतं, घसरण होती.

विक्रीचा नियम खरेदीच्याच भाजकावर बसवायला हवा होता. खरेदीला सरासरी आणि विक्रीला ॲपवरचा पीई, अशी दोन मापं एका वहीत नांदत होती.

चार वर्षांची सरासरी ही काही पवित्र नाही. तिसरा भाजक, ५० रुपये ईपीएसवाला, पाळला असता तर ही खरेदी कधीच झाली नसती. उलट आठ-दहा वर्षं धरली तर भूषण स्टीलआधीची लहान कंपनी मोजली जाते. भाचीच्या तक्त्यात आता शेअरमागच्या नफ्याऐवजी टनामागचा नफा आणि त्याला गुणायला पुढच्या वर्षाचे टन असा स्तंभ आहे. कलिंगनगरची क्षमता ३० वरून ८० लाख टनांवर नेल्यावर आणि पोर्ट टॅलबॉटच्या भट्ट्या बंद झाल्यावर मागचे टन पुढच्यांसारखे राहिलेले नाहीत.

२०२४-२५ चा नफा ३,१७४ कोटी आला. ईपीएस पावणेतीन रुपये, दीडशेच्या दराला ॲपवरचा पीई पन्नाशीच्या वर. मागच्या सात वर्षांच्या सरासरीवर तो अठराच्या जवळ. जुन्या तक्त्याप्रमाणे उरलेले हजार शेअर विकायला हवेत, नव्या स्तंभाप्रमाणे अजून एक वर्ष थांबायला हरकत नाही. गृहस्थांनी पाचशेचा विक्री आदेश १८५ ला लावून ठेवला आहे, आणि बाकीच्या पाचशेवर दोघांचं एकमत झालेलं नाही.